मज्जारज्जूवर स्टिम्युलेटर बसवण्याआधीची तयारी

स्टिम्युलेटर, म्हणजे विजेचे हलके स्पंद देणारी सोळा इलेक्ट्रोडची पट्टी, मज्जारज्जूवर ठेवून मणक्याला मार बसलेल्या माणसाला उभं करता येतं, हे अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये 2011 साली दिसलं. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये रुग्ण आधाराने चालले. तरीही चालण्यासाठीचं हे रोपण अजून मुख्यतः संशोधनातच आहे. म्हणून सगळ्यात आधी कागद तपासा. भारतात अशा चाचणीची सीटीआरआयमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंद लागते. तो क्रमांक आणि नैतिक समितीची मंजुरी मागून घ्या.

मग पायांची तपासणी. यंत्र स्वतः पाय हलवत नाही. संवेदना आणणाऱ्या नसांच्या मुळांतून ते मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चालक पेशींना जागं ठेवतं. मार अगदी खालच्या टोकाला बसून त्या पेशीच गेल्या असतील, तर जागवायला काही उरत नाही. ठोकल्यावर येणारा गुडघ्याचा, घोट्याचा झटका शिल्लक आहे का, हे नीट पाहून घ्या. ज्या स्पॅझमने, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याने, एरवी जीव नकोसा होतो, तोच इथे चांगली खूण ठरतो.

सगळ्यात जास्त वेळ त्वचा आणि लघवीला द्या. जंतू एकदा यंत्रावर थर धरून बसले की प्रतिजैविकं तिथे पुरेशी पोचत नाहीत आणि बहुतेक वेळा सगळा संच काढावा लागतो. माकडहाड, बैठकीची हाडं, टाचा रोज रात्री आरशात पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तरी लगेच कळवा. बेडसोर भरल्याशिवाय तारीख घेऊ नका. व्हीलचेअरवर दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं बैठकीवरचा शरीराचा भार उचला. कॅथेटर (लघवीची नळी) कायम असलेल्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच, म्हणून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, शस्त्रक्रियेच्या जवळच्या दिवसांत करा. दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या तर पुढे चालणारं औषधच हातचं जातं. नाकाच्या स्वॅबमध्ये एमआरएसए (नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू) निघाला तर साधारणपणे पाच दिवस, दिवसातून दोनदा म्युपिरोसिन मलम नाकात लावायला देतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आधीच द्या. पट्टीजवळ साकळलेलं रक्त मज्जारज्जूलाच दाबतं. गोळी कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. स्पॅझमसाठीचं बॅक्लोफेन मात्र अचानक बंद करू नका, ताप आणि फिट्स येऊ शकतात.

डेक्सा (हाडांचा स्कॅन) करून हाडांची घनता पाहा. घोटा काटकोनात येत नसेल तर उभं राहणं जमत नाही, तेव्हा ताणाचे व्यायाम आणि टिल्ट टेबल (माणसाला हळूहळू उभं करणारं कलतं टेबल) आत्ताच सुरू करा. मार टी6 (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावर असेल तर नेहमीचा रक्तदाब कार्डावर लिहून ठेवा. तुंबलेल्या कॅथेटरनेही तो एकदम चढतो.

यंत्राच्या बॅटरीची जागा व्हीलचेअरवर बसलेलं असताना आखून घ्या. आडवं असताना ठीक वाटलेली जागा बसल्यावर पायजम्याच्या नाडीखाली किंवा फासळीला घासते. चार्जर तिथे स्वतःच्या हाताने पोचतो का, तेही करून पाहा.

शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे वाकणं आणि कंबर पिळणं बंद. पट्टी थोडी जरी सरकली तरी मांडीऐवजी भलताच स्नायू आवळतो. खुर्चीवरून पलंगावर नेण्यासाठी दोन माणसं ठरवून ठेवा. लागणारा एमआरआय आधीच उरकून घ्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी (फिजिओकडचा विद्युतलहरींचा शेक) मात्र कायमची बंद. तारेतून तापलेलं इलेक्ट्रोड आतली ऊती जाळतं. फिजिओच्या फाइलवर हे लाल शाईने लिहा आणि यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा.