वाफेच्या इंजिनांचे जुने नकाशे सापडले तर

नाशिकरोड, इगतपुरी, मनमाडच्या जुन्या रेल्वे कुटुंबांत लोको शेडमधले (इंजिनं ठेवायच्या आणि दुरुस्तीच्या जागेतले) नकाशे अजून माळ्यावर पडलेले असू शकतात. घर आवरायला निघालेल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते रद्दीत जाणार नाहीत.

गुंडाळी हातात आली की आधी उजवा खालचा कोपरा बघा. इंजिनाचा वर्ग, ड्रॉइंग नंबर, तारीख आणि दुरुस्त्यांची नोंद बहुधा तिथेच असते. कोपरा फाटला असेल तर तुकडा पाकिटात जपा. नंबराशिवाय मूळ प्रत शोधणं फार कठीण जातं. इंजिन ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचं असेल, तर त्या नंबरावरून ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात विचारता येतं.

निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा असलेली ब्लूप्रिंट उन्हात फिकी पडते, अल्कलीने (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने) तिचा निळा रंग उडतो. म्हणून तिला साधा, बफर न केलेला, म्हणजे अल्कली न मिसळलेला, आम्लमुक्त कागद लावा. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर उमटवलेल्या नकला, वेगळ्या ठेवा. ट्रेसिंगचं कापड, म्हणजे नकाशा गिरवून काढायचं पारदर्शक कापड, खळ दिलेलं असतं, त्याला ओला बोळा अजिबात लावू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही!

पावसाळ्यात गुंडाळी उघडायची घाई नको. कोरड्या दिवशी सावकाश पसरा, कडांवर स्वच्छ वजनं ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. कागद आखडतो, त्यामुळे मोजून काढलेल्या मापापेक्षा लिहिलेलं माप धरा.