आरंभीच्या मंडळीतलं पुढारपण : अभ्यास कुठून सुरू करावा

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासाकडे नव्याने वळलेले विद्यार्थी मला बहुतेक हेच विचारतात : पहिल्या शतकात बिशप होते का? मी म्हणतो, आधी गाव सांगा. फिलिप्पै, करिंथ, रोम, प्रत्येक ठिकाणचं चित्र निराळं आहे. वहीत गावाचं नाव लिहा, खाली तिथले पुढारी कोण नेमतं आणि ते काय काम करतात, एवढंच टिपत जा.

बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 आधी घ्या. प्रेषित पौल मिलेत शहरात इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून घेतो आणि त्याच माणसांना कळपाचे, म्हणजे मंडळीचे, अध्यक्ष म्हणतो. अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा; बिशप हा शब्द त्याच्याच मूळ ग्रीक शब्दावरून आला. पुढे बिशप आणि वडील अशी जी दोन पदं झाली, ती इथे अजून एकच आहेत. फिबी नावाची स्त्री किंख्रिया गावच्या मंडळीची सेविका होती, हेही पौलाच्या रोमकरांस पत्रात आहे. ते नजरेआड करू नका.

मग रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या नावाने ओळखलं जाणारं पहिलं पत्र. साधारण इ. स. 96 चं मानतात. करिंथमध्ये काही वडिलांना पदावरून काढलं होतं, म्हणून रोमच्या मंडळीने ते लिहिलं. सगळ्या मंडळीच्या संमतीने नेमलेल्या, निर्दोष सेवा केलेल्या माणसांना काढणं हा अन्याय आहे, असं ते ठणकावतं. संमतीचा हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो.

पण मन रमतं ते डिडाखेमध्ये, म्हणजे मंडळीने कसं वागावं हे सांगणाऱ्या एका जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत. ती सांगते : गावोगाव फिरणारा पाहुणा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरी द्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. पुढे हेच पुस्तक सांगतं : नम्र, पैशाचा लोभ नसलेले अध्यक्ष आणि सेवक तुम्हीच निवडा. देखरेख का लागली, हे यावरून लख्ख दिसतं. दारात येणारा खरा की खोटा हे कुणीतरी पारखायला हवं होतं, आणि पारखणारा स्वतः लोभी असून चालणार नव्हतं.

अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याची पत्रं त्यानंतरच वाचा. बिशपशिवाय मंडळीचं काहीही करू नका, असं तो स्मुर्णा शहरातल्या मंडळीला बजावतो. रोमला लिहिलेल्या पत्रात मात्र तिथल्या बिशपचा उल्लेखही करत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन तर अगदी शेवटी, कारण तो तिसऱ्या शतकाच्या मध्याचा. तोवर बिशपपद पक्कं झालेलं आहे, आणि वाद पेटलाय तो छळात विश्वास नाकारलेल्यांना मंडळीत परत कुणी घ्यायचं यावर.