मुलाचं लांब, वेगळं नाव: आधी फोड करा

चार-सहा अक्षरी संस्कृत नाव बहुधा सामासिक असतं, म्हणून ते कागदावर लिहून जोड कुठे आहे ते आधी शोधा. श्वेत म्हणजे पांढरा, केतू म्हणजे ध्वज, म्हणून श्वेतकेतू. चित्र आणि भानू मिळून चित्रभानू, म्हणजे रंगीत किरणांचा, अर्थात अग्नी. प्रत्येक तुकडा आपट्यांच्या संस्कृत कोशात त्याच अर्थाने सापडायला हवा. 'रेयांश'चा अर्थ 'सूर्यकिरण' असा सांगितला जातो. त्यातला अंश खरा, पण 'रेय' म्हणजे किरण हे संस्कृतात कुठेच नाही. नाव कानाला गोड वाटलं तर खुशाल ठेवा, फक्त अर्थ छातीठोकपणे सांगू नका.

अर्थ पटला की ते नाव कोणाचं होतं ते बघा. अश्वत्थामा भारदस्त वाटतं. जन्मताच घोड्यासारखा खिंकाळला म्हणून हे नाव पडलं, असं महाभारत सांगतं. पण द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारणाराही तोच. श्वेतकेतूचं तसं नाही. 'तत्त्वमसि' हा छांदोग्य उपनिषदातला उपदेश त्याला वडील उद्दालकांनी केला.

आता मोठ्याने म्हणा. मराठीत शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा जोडावरचा 'अ' गळतो, त्यामुळे लिहिलेली अक्षरं आणि ऐकू येणारी अक्षरं जुळत नाहीत. जीमूतवाहन घ्या. ढग ज्याचं वाहन तो. 'नागानंद' नाटकात सापाऐवजी स्वतःला गरुडापुढे ठेवणारा नायक. अर्थ सुंदर, माणूस त्याहून सुंदर. लिहिताना सहा अक्षरं, बोलताना चारच: जी-मूत-वा-हन. दुसरा तुकडा वर्गातली मुलं पहिल्याच दिवशी पकडणार! आमच्या मते एवढ्यावरून हे नाव बाद.

नचिकेता हे कठोपनिषदातलं नाव. मूळ शब्द नचिकेतस्, प्रथमेत नचिकेताः. विसर्ग गळला की शेवटच्या 'ता'मुळे अनोळखी माणूस मुलगी समजतो. मराठीत रुळलेलं नचिकेत त्यातून वाचवतं.

परभाषी नावांचीही फोड होते. बार्थोलोम्यू मूळ अरामी 'बर तल्मय', म्हणजे तल्मयचा मुलगा. बापाचं नाव आतच आहे. अलेक्झांडर ग्रीक, माणसांचं रक्षण करणारा.

लांब नाव घरात आठवडाभरही टिकत नाही, म्हणून हाकेचं नाव तुम्हीच आधी ठरवा. श्वेतकेतूचं 'श्वेत' करा. नाहीतर 'केतू' होईल, आणि मग राहू कुठेय, हे प्रत्येक पाहुणा विचारेल.