कर्सेसमध्ये स्क्रीनवरचं अक्षर परत वाचायचंय? मग हे आधी वाचा

सी भाषेत एनकर्सेस (टर्मिनलच्या स्क्रीनवर हवं तिथे अक्षरं मांडायची लायब्ररी, कर्सेसचीच एक आवृत्ती) शिकताना विंडो उघडणं, अक्षर छापणं, रिफ्रेश मारणं इथपर्यंत सगळं गोडीत चालतं, ते तुम्हाला येत असणारच. गाडी अडते ती छापलेलं अक्षर परत वाचायला गेलं की. त्यासाठी इंच() आहे, आणि ह्या एका फंक्शनने मला जेवढं छळलंय ना, तेवढं पॉइंटरनेपण नाही छळलं.

समजा सापाचा गेम करताय, भिंती # च्या. पुढच्या घरातलं अक्षर एमव्हीइंच(वाय, एक्स) ने, म्हणजे आधी त्या जागी जाऊन मग वाचणाऱ्या इंच() ने, वाचायचं आणि '#' असेल तर गेम ओव्हर, सरळ हिशोब. काळ्या-पांढऱ्यात एकदम मस्त चालतं. मग भिंतीला लाल रंग दिला की साप भिंतीतून आरपार! कंपायलर गप्प, वॉर्निंग नाही, आणि डोळ्यासमोर # तर ढळढळीत दिसतोय, मग माणूस तासन्‌तास सापाचंच लॉजिक उकरत बसतो आणि ते बिचारं पहिल्यापासून बरोबरच असतं.

इंच() तुम्हाला नुसतं अक्षर देतच नाही हो. ते सीएचटाइप देतं, म्हणजे एकाच आकड्यात अक्षर, रंग, बोल्ड, अंडरलाइन सगळं कोंबलेलं. नेहमीच्या एनकर्सेसमध्ये खालचे 8 बिट अक्षराचे, त्यावरचे 8 रंगजोडीच्या (अक्षराचा रंग आणि मागचा रंग) नंबराचे, आणि त्याच्याही वर बोल्ड-रिव्हर्स वगैरे. # म्हणजे 35. रंगजोडी 1 लावली की त्यात 256 मिळाले, झाले 291. वर बोल्ड केलंत तर 2097443. आणि आपण तुलना करतोय 35 शी! जुळणार कुठून? म्हणून आधी & ए_चारटेक्स्ट करून अक्षर वेगळं काढा, मगच तुलना. रंग हवा असेल तर पेअर_नंबर(). बोल्ड आहे का बघायचं तर & ए_बोल्ड शून्य नाही ना एवढंच बघा, '== 1' लिहाल तर परत बोंबलला. पायथॉनवाल्यांनी हसू नये, तिकडच्या इंच()मधूनही हाच आकडा येतो.

ए_चारटेक्स्टच्या जागी हाताने 0एक्सएफएफ (म्हणजे 255, खालचे 8 बिट) लिहायचा शॉर्टकट सगळीकडे दिसतो. चालतो, पण मला पटत नाही, वाचणाऱ्याला कळतच नाही आपण काय गाळतोय. आणि जो सीनियर कीबोर्ड स्वतःकडे ओढून दोन मिनिटांत फिक्स करून देतो त्याच्यापासून लांब राहा. आकडा फाइलमध्ये छापून बघ म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा. फाइलमध्येच हां, त्याच स्क्रीनवर छापलंत तर जे वाचायचंय तेच खराब होईल.

घाबरू नका, हे मास्किंग, म्हणजे नको ते बिट गाळून टाकणं, एकदा बोटात बसलं की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी मात्र थोडी खडूस आहे. बॉक्स()ने काढलेली उभी रेघ मास्क करून बघा, चक्क इंग्रजी छोटा 'एक्स' निघतो! आडवी रेघ 'क्यू', कोपरे 'एल', 'के', 'एम', 'जे'. हा 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलचा वारसा, तिथे रेघा दुसऱ्या कॅरॅक्टर सेटमधून यायच्या आणि ते सांगणारा ए_ऑल्टचारसेट बिट वरच्या भागात असतो, जो आपण आत्ताच मास्क करून उडवला. चौकट ओळखायची तर तो बिटही तपासा.

एमव्हीइंच कर्सरही हलवतं, त्यामुळे मध्येच वाचून आलात की पुढचं छापणं भलत्याच जागी होतं. विंडोच्या बाहेरचं घर मागितलंत तर ईआरआर (चुकीची खूण, -1) येतं, ते न तपासता मास्क केलंत की 255 हातात पडतो आणि ते खरंच अक्षर आहे असं वाटतं. आणि वाचलं जातं ते विंडोच्या मेमरीतून, काचेवरून नाही. एसटीडीस्क्र (कर्सेसची मूळ, पूर्ण स्क्रीनभर विंडो) वर न्यूविन()ने उघडलेली पॉपअप विंडो टाकलीत तरी एसटीडीस्क्रला विचारल्यावर ते खालचंच सांगणार. टर्मिनलवर सध्या काय आहे असं कर्सेसला वाटतंय ते कर्सक्र नावाच्या खास विंडोमध्ये मिळतं.

खरं सांगू का, गेमचा नकाशा आपल्या ॲरेमध्येच ठेवावा, स्क्रीनला डेटाबेस करू नये असं माझं ठाम मत आहे. तरी इंच() शिकाच, स्क्रीनवर बरोबर उमटलं का ह्याची टेस्ट लिहायला ह्याच्यासारखं सोपं काही नाही. 'मॅन कर्स_इंच' पान छोटंसंच आहे, जेवता जेवता वाचून होईल.

मराठी मजकूर वाचायचा असेल तर मात्र इंच() सोडाच. 'क'चा युनिकोड नंबरच 2325, तो 8 बिटांत मावणार कसा? तिथे इन_डब्ल्यूसीएच() ने सीचार_टी (सीएचटाइपचा युनिकोड मावणारा मोठा भाऊ) घ्यायचं, मग गेटसीचार() ने त्यातलं अक्षर, ॲट्रिब्यूट आणि रंगजोडी वेगवेगळे काढायचे, लायब्ररी एनकर्सेसडब्ल्यू (युनिकोडवाली एनकर्सेस) लिंक करायची, आणि भाषेचं सेटिंग लावणारं सेटलोकॅल() हे कर्सेस सुरू करणाऱ्या इनिटस्क्रीनच्या आधी, नंतर नाही.