पहिला व्यवहार फिसकटतो कुठे? नव्या ब्रोकरने या चुका टाळा

घरं विकून देण्याच्या या धंद्यातली पहिली चूक घरीच होते, महिन्याचा हिशेब मांडताना. व्यवहार ठरला म्हणजे पैसे आले, असं नवखा धरून चालतो. प्रत्यक्षात कर्जमंजुरी, कागदपत्रं, नोंदणी असं सगळं उरकल्यावर कमिशन हातात पडतं आणि त्यात सहज दोन-चार महिने जातात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला न काढता नोकरी सोडली की पोटात गोळा येतो. मग सुरू होते घाई. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या घाईतच आहे.

लिस्टिंग, म्हणजे विकायला मिळालेलं घर, हातचं जाऊ नये म्हणून मालक सांगेल त्या किमतीला मान डोलावणं, ही त्यातली सगळ्यात महागडी. घर बघायला कुणी येत नाही, दोन महिन्यांनी भाव उतरवावा लागतो आणि तोवर 'इतके दिवस पडून आहे, म्हणजे काहीतरी भानगड असणार' अशी चर्चा झालेली असते. मालकासमोर जाहिरातीतले आकडे ठेवू नका, ती नुसती मागणी असते. जवळपास खरोखर विकल्या गेलेल्या तीन-चार घरांचे भाव ठेवा. तुलना करताना एककं तपासा (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट) आणि भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ बाहेरच्याशी ताडून पाहू नका.

दुसरी माझीच गोष्ट. घर दोघा भावांच्या नावावर, बोलणी मात्र सगळी थोरल्याशी. सह्यांच्या दिवशी धाकटा आला, खुर्चीत बसला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाला, "मला कुणी विचारलं?" खरेदीदार उठून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. चूक धाकट्याची नव्हती. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी मालकीचा कागद मागतो, त्यावरची सगळी नावं वहीत उतरवून घेतो आणि प्रत्येकाशी स्वतः बोलतो. कर्जाचा बोजा आहे का, तेही तेव्हाच विचारतो.

कमिशन तोंडी ठरवू नका. किती टक्के, कोण देणार आणि कधी, या तीन गोष्टी घर दाखवण्याआधी कागदावर हव्यात. अमेरिकेत तर १७ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंटांना खरेदीदाराला घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. परवान्याचंही तसंच. भारतात रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या (२०१६) कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटचीही नोंदणी लागते. 'आधी एखादा व्यवहार करू, मग नोंदणी बघू' हे चालत नाही.

टोकनची, म्हणजे घर पक्कं करताना खरेदीदार देतो ती आगाऊ रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊ नका. दोन दिवसांसाठीही नाही.

साइट व्हिजिट चांगली होते, पार्टी हसतमुखाने जाते आणि नंतर फोन उचलत नाही, ही नव्यांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा आपण काहीतरी झाकलेलं असतं. पश्चिमेच्या खिडकीचं घर सकाळी अकराला दाखवलं, ग्राहक संध्याकाळी पाचला एकटाच पुन्हा येऊन गेला आणि ऊन थेट पलंगावर पडलेलं त्याने पाहिलं. तुम्हीच आधी सांगितलं असतं तर त्याने पडदा लावला असता. आता तो तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका घेतो. नळ सोडून बघा, भिंतीवरच्या ओलीवर हात ठेवा, उणीव स्वतःहून दाखवा.

तरीही उत्तर येत नसेल, तर आणखी दहा घरांचे फोटो पाठवू नका. एकच प्रश्न विचारा: "त्या घरात काय खटकलं?" जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा आणि त्यात बसणारं घर मिळालं तरच पुढचा फोन करा.