चिन्ह आकृतीत, आकडा सूत्रात: विद्युत बल आणि क्षेत्राची गणितं

स्थितिक विद्युतच्या गणितांत सूत्र क्वचितच चुकतं, चुकते ती दिशा. −५ मायक्रोकूलोमचा प्रभार (मायक्रो म्हणजे १०⁻⁶) उणे चिन्हासकट कूलोमच्या सूत्रात (बल = स्थिरांक ९ × १०⁹ × दोन प्रभारांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग) घातला की उत्तर उणे येतं. मग ते उणे म्हणजे डावीकडे, खाली की नुसतं 'आकर्षण', हे ठरवता येत नाही. म्हणून सूत्रात प्रभाराचा फक्त आकडा घाला. चिन्हाचं काम आकृतीत बाण काढतानाच संपवून टाका.

एक गणित पूर्ण सोडवू. काटकोन त्रिकोण घ्या. काटकोनाच्या कोपऱ्यात +५ मायक्रोकूलोम, त्याच्या बरोबर वर ३ सेंमीवर +१ मायक्रोकूलोम आणि उजवीकडे ४ सेंमीवर −५ मायक्रोकूलोम. वरच्या +१ वर एकूण बल किती?

आधी आकृती काढा आणि ज्याच्यावरचं बल हवं त्या प्रभाराभोवती गोल करा. बाण फक्त त्याच्यापासून निघतील. बाकीच्या दोघांचं आपापसांतलं बल इथे कुणी विचारलेलं नाही, तरी अनेक वह्यांत ते सापडतंच. खालचा +५ आपल्या प्रभाराला ढकलतो, म्हणून बाण सरळ वर. −५ ओढतो, म्हणून दुसरा बाण कर्णावरून खाली उजवीकडे.

आता आकडे. सेंटिमीटरचे मीटर इथेच करा, कारण अंतराचा वर्ग होतो. ३ सेंमी तसेच ठेवले तर उत्तर १०० पट नव्हे, १०,००० पट लहान येतं. दहाचे घात वेगळे गोळा करा: स्थिरांकाचा १०⁹ आणि दोन मायक्रोंचे १०⁻⁶, १०⁻⁶ मिळून १०⁻³. म्हणजे दोन्ही प्रभार मायक्रोकूलोममध्ये असले की अंश सरळ ९ × १ × ५ × १०⁻³ = ०.०४५.

खालच्या प्रभाराचं बल: ०.०४५ ÷ ०.०००९ = ५० न्यूटन, वर.
−५ चं बल: कर्ण ५ सेंमी, म्हणून ०.०४५ ÷ ०.००२५ = १८ न्यूटन, कर्णावरून खाली.

५० आणि १८ यांची थेट बेरीज किंवा वजाबाकी चालणार नाही, बाण एका रेषेत नाहीत. १८ चे घटक पाडा. कोन शोधत बसायची गरज नाही, त्रिकोणाच्या बाजूच गुणोत्तर देतात: आडवा घटक १८ × ४/५ = १४.४ उजवीकडे, उभा १८ × ३/५ = १०.८ खाली. साइन कुठे आणि कोसाइन कुठे, हा घोळ इथे होतच नाही. एकूण आडवं १४.४, एकूण उभं ५० − १०.८ = ३९.२. दोन्हींच्या वर्गांची बेरीज १७४४, वर्गमूळ सुमारे ४१.८ न्यूटन. दिशा आडव्या रेषेपासून वर सुमारे ७०°.

पडताळा दोन प्रकारे. उत्तर ३२ (५० − १८) आणि ६८ (५० + १८) यांच्या मध्येच असलं पाहिजे, आणि ते आहे. दुसरं, एक मोजपट्टी लक्षात ठेवा: १ मायक्रोकूलोमचे दोन प्रभार १० सेंमीवर असले तर बल ०.९ न्यूटन. उत्तर लाखो न्यूटन आलं तर कुठेतरी मायक्रो निसटलाय. (तसं हे गणितही कागदावरचंच. हवेत साधारण ३ × १०⁶ न्यूटन प्रति कूलोमच्या वर ठिणगी पडते आणि इथलं क्षेत्र त्याच्या दसपटीहून जास्त आहे. पुस्तकांना मायक्रोकूलोम आवडतात, हवेला नाही.)

याच जागी विद्युत क्षेत्र विचारलं तर +१ उचलून बाजूला ठेवा. त्या बिंदूवरच्या प्रभाराचं स्वतःचं क्षेत्र धरायचं नसतं. बल भागिले प्रभार, म्हणजे सुमारे ४.१८ × १०⁷ न्यूटन प्रति कूलोम, दिशा तीच. आता तिथे −२ मायक्रोकूलोम ठेवला तर क्षेत्र बदलत नाही. बल दुप्पट, सुमारे ८३.५ न्यूटन, आणि बरोबर उलट दिशेला.

क्षेत्र शून्य कुठे, या प्रश्नात समीकरणाआधी जागा ठरवा. +४ आणि −९ मायक्रोकूलोम १० सेंमी अंतरावर आहेत. दोघांच्या मधे दोन्ही बाण −९ कडेच जातात, तिथे शून्य शक्य नाही. −९ च्या पलीकडे मोठाही तोच आणि जवळही तोच, त्याला बरोबरी कोण करणार? उरली +४ च्या बाहेरची बाजू. तिथे +४ पासून 'क्ष' अंतरावर ४/क्ष² = ९/(क्ष + १०)². वर्गमूळ घेतलं की २(क्ष + १०) = ३क्ष, क्ष = २० सेंमी. वर्गसमीकरण उलगडत बसलात तर क्ष = −४ हेही उत्तर मिळतं. तो बिंदू दोघांच्या मधला, तिथे क्षेत्रांचे आकडे सारखे पण दिशाही एकच, म्हणून क्षेत्र दुप्पट होतं, शून्य नाही. पर्यायांत ४ सेंमी दिसला की समजा सापळा लावलाय.

सममिती दिसली तर घटक पाडूच नका. सुसम षटकोनाच्या पाच कोपऱ्यांत सारखे धन प्रभार आहेत, सहावा रिकामा, केंद्रावर क्षेत्र किती? सहाही असते तर शून्य. म्हणून पाचांचं क्षेत्र हे गायब झालेल्या एकाच्या क्षेत्राएवढं आणि उलट, म्हणजे रिकाम्या कोपऱ्याकडे.

गुरुत्व धरायचं की सोडायचं? इलेक्ट्रॉनसाठी सोडा: १००० न्यूटन प्रति कूलोमच्या क्षेत्रात त्याचं त्वरण १.७६ × १०¹⁴ मी/से² येतं, त्यापुढे ९.८ कुठे लागणार. पण तेलाचा थेंब किंवा दोऱ्याला टांगलेली गोळी असेल तर वजनाचा बाण काढायलाच हवा. टांगलेल्या गोळीत दोऱ्याचा उभ्या रेषेशी कोन असा मिळतो: टॅन = आडवं विद्युत बल ÷ वजन. तिथे वस्तुमान ग्रॅममध्ये दिलेलं असतं, ते किलोग्रॅममध्ये न्या.