चॅटबॉटला विज्ञानाचा प्रश्न विचारताना

लसीमुळे ऑटिझम होतो का? तापमानवाढ माणसामुळे होतेय का? विज्ञानाने या प्रश्नांचा निकाल लावलेला आहे. तरीही चॅटबॉटचं उत्तर विचारणाऱ्याचा कल पाहून बदलू शकतं. म्हणून विचारण्याची रीत महत्त्वाची.

पहिली पायरी सोपी: प्रश्नात स्वतःचं मत घालू नका. 'लसीमुळे होणाऱ्या ऑटिझमचा धोका किती?' असं विचारलं, की धोका आहे हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. 'गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध आहे का, पुरावा काय?' असं विचारा.

आता उत्तराचा तोल पाहा. 'काही तज्ज्ञ असं मानतात, काही तसं' हे वाक्य समंजस वाटतं, पण मला सर्वांत घातक तेच वाटतं. ते आलं, की कोणत्या बाजूला किती पुरावा आहे, हे विचाराच. लसीच्या बाबतीत एकीकडे हा संबंध सुचवणारा, ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचा 1998 चा, 12 मुलांवरचा लेख आहे; तो छापणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला. दुसरीकडे 2019 चा डेन्मार्कमधला अभ्यास आहे. त्यात साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध आढळला नाही. या दोन बाजू एका तराजूत बसतच नाहीत.

मग मुद्दाम हटून बसा. कोणताही पुरावा न देता 'मला पटत नाही' एवढंच म्हणा. तेवढ्याने चॅटबॉट माफी मागून मत फिरवत असेल, तर त्या उत्तरावर विसंबू नका. माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून या प्रणालींना घडवलं जातं आणि आपल्याला होकार आवडतो. त्यातून ही सवय लागते. नवं संभाषण उघडून तोच प्रश्न उलट बाजूने विचारला, तरी ती उघडी पडते.

यानंतर विचारा: यातलं पक्कं काय आणि अजून अभ्यासाखाली काय? माणसामुळे पृथ्वी तापली हे निःसंशय आहे, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या तज्ज्ञ समितीचा, 2021 चा अहवाल सांगतो. मात्र कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचा संभाव्य अंदाज तिथेच 2.5 ते 4 अंश सेल्सिअस असा पल्ल्यात दिला आहे. चांगल्या उत्तरात हा फरक स्पष्ट दिसतो.

शेवटी संदर्भ मागा आणि ते स्वतः उघडा. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधाचं नाव बिनचूक वाटेल असं देतो. शीर्षक त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर शोधा. निबंध सापडला, तर तो मागे घेतलेला नाही ना, हेही तिथेच पाहा.